बघणाऱ्याची सही

निहार, अन्वी, मागच्या उन्हाळ्यात तुम्ही परभणीला आलात तेव्हा दुसऱ्याच दिवशी तुम्ही दोघांनी माझं घर तपासून काढलं होतं. पाण्याच्या मोटारीला सुतळीनं बांधलेलं कार्ड, इन्व्हर्टरला कार्ड, गॅसच्या नळीला कार्ड, मिक्सरला कार्ड. ती वस्तू कधी आली, कुणी बसवली, शेवटची कधी उघडली आणि तिची खोड काय, हे सगळं प्रत्येकावर बारीक अक्षरात लिहिलेलं. तुमचा बाबा म्हणाला, "आईची ही सवय काही जायची नाही." आणि अन्वी, तू माझ्याभोवती एक गिरकी घेतलीस, पाठ बघितलीस, पदर उचलून बघितलास आणि विचारलंस, "आजी, तुझं कार्ड कुठंय?"

सगळे हसले. मीही हसले. पंधरा दिवसांनी तुम्ही गेलात. विमानतळावर सोडून आले आणि घरी येऊन आधी मोटार लावली, कारण टाकी रिकामी होती. मोटारीचं कार्ड वाऱ्यानं हलत होतं. तुझा प्रश्न तेव्हापासून माझ्याकडं पडून आहे.

आमच्या इथल्या दिवाळी अंकवाल्यांनी यंदा कामाच्या आठवणी लिहायला सांगितलं. मी म्हटलं, लिहीन, पण लिहीन ते नातवंडांना. तुमची आई अंक मागवते, तीच वाचून दाखवेल. एखादा शब्द अडला तर तिला थांबवा. कंटाळा आला तर मात्र थांबवू नका, शेवटपर्यंत जाऊ द्या.

मी कापसाच्या कारखान्यात भांडारप्रमुख होते. परभणीहून झरीकडं जाताना आमचा कारखाना लागायचा. शेतातून येतो त्या कापसात सरकी असते, म्हणजे बी. जिन नावाचं यंत्र तो कापूस चामड्याच्या दोन रोलरांमधून ओढतं. रुई पुढं जाते, सरकी खाली गळते. मग रुई दाबून तिच्या गाठी बांधतात. आमच्याकडं जिनच्या दोन रांगा होत्या आणि एकेका रांगेला फिरवणारा एकेक लांब लोखंडी दांडा, त्याला शाफ्ट म्हणायचं. शाफ्ट फिरला की पट्टे फिरायचे, पट्टे फिरले की जिन. जिनसमोर बाया उभ्या राहून ओंजळीनं कापूस घालायच्या. हंगामात सगळ्यांच्या भुवया, पापण्या पांढऱ्या व्हायच्या. तिशीतल्या बायाही म्हाताऱ्या दिसायच्या आणि घरी जाऊन तोंड धुतलं की परत तरण्या.

मला ही नोकरी मिळाली ती इंग्रजीमुळं. माझं शिक्षण हैदराबादला इंग्रजी शाळेत झालं आणि लग्न होऊन मी परभणीला आले. त्याच सुमारास कारखान्यात नवी यंत्रं आली. त्यांच्यासोबत जाड पुस्तकं आली, सगळी इंग्रजीत, आणि ती वाचणारं कुणी नव्हतं. चेअरमनसाहेब तुमच्या आजोबांच्या ओळखीचे होते. त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं. पहिल्या दिवशी मला एक खुर्ची, एक टेबल आणि समोर एक माणूस दिला. तो माणूस म्हणजे आमचे फिटर गफूरभाई. पूर्णेचे. रोज सकाळच्या गाडीनं यायचे, संध्याकाळच्या गाडीनं जायचे.

ते समोर बसले. मी पुस्तक उघडलं.

"काय लिवलंय, बाई?"

"बेअरिंगला मधूनमधून ग्रीस द्यावं."

"मधूनमधून म्हंजे कधी?"

"तेवढंच लिहिलंय."

"मधूनमधून तर माझी सासू भी येती," ते म्हणाले. "तारीख सांगून आली तर तयारी ठेवता येती."

मग आम्ही तारखा ठरवल्या. पुस्तक बनवणाऱ्यानं परभणीचा उन्हाळा पाहिला नव्हता, इथली धूळ खाल्ली नव्हती. मी पुस्तकातलं सांगायची, गफूरभाई त्यात परभणी मिसळायचे, आणि जे ठरेल ते मी त्या यंत्राच्या कार्डावर लिहायची. कार्डांची सुरुवात तिथली. वस्तू विकत घेणं सोपं असतं. ती आल्यापासून भंगारात जाईपर्यंत तिला ओळखत राहायचं, हे माझं काम. बाहेरच्या लोकांना वाटायचं, बाई किल्ल्या सांभाळतात. सांभाळायच्याच, पण किल्ल्या हा त्यातला अगदी थोडा भाग.

गफूरभाई चालत्या बेअरिंगवर उलटा हात टेकवायचे. तळहात कामानं जाड झालेला असतो, त्याला खरं कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. कधी लांब पेचकसाचं टोक बेअरिंगवर ठेवून मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मला म्हणायचे, "मशीन बोलती, बाई. सुननेवाला पाहिजे." मीही कान लावून बघितला. मला नुसती घरघर ऐकू आली. त्यांना त्या घरघरीत 'या आठवड्यात बदला' असं ऐकू यायचं, आणि ते खरं निघायचं.

एका पावसाळ्यानंतर नऊ नंबरच्या जिनचा पट्टा सारखा घसरायला लागला. पट्टा बदलला, दुसरा घातला, तोही घसरला. गफूरभाई दोन दिवस नुसते त्या जिनसमोर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी छपरावर चढले आणि पन्हाळीतून पिंपळाचं एक हातभर रोप उपटून घेऊन आले. माझ्या टेबलावर मुळांसकट ठेवलं.

"हे घ्या. पट्ट्याची बीमारी."

रोपानं पन्हाळ तुंबली होती, पाणी भिंतीत मुरत होतं आणि नेमकं त्या पट्ट्यावर झिरपत होतं. त्या दिवशी मी छपराचं कार्ड केलं, पन्हाळीचं केलं. मग गोदामाच्या उंदरांचं केलं, कारण उंदीर वायर कुरतडतात. अंगणातल्या गवताचं केलं, कारण गवत वाळलं की ठिणगीची वाट बघतं. एकदा गफूरभाई दाबाच्या काट्यावरचा आकडा वाचताना मान मागं नेताहेत असं दिसलं, तेव्हा त्यांच्या चष्म्याचंही कार्ड केलं. चेअरमनसाहेब म्हणाले, "बाई, चष्मा हा काय कारखान्याचा ऐवज आहे का?" मी म्हटलं, "त्या डोळ्यांवर तुमचा अख्खा कारखाना चालतो." साहेब हसले आणि चष्मा मंजूर केला. गफूरभाई तो दर शुक्रवारी धुऊन पुसून मला दाखवायचे, "बघा, सर्व्हिसिंग केली."

आमच्याकडं येणारी माणसंही नमुनेदार. कापसातून काय काय यायचं! विळे, खुरप्याची पाती, बिड्यांची बंडलं, एकदा तर वरवंट्याएवढा दगड. लोखंड रोलरमध्ये गेलं की ठिणगी उडते, आणि रुईला ठिणगी म्हणजे संपलंच. म्हणून जिनच्या आधी एक जाळी होती. तिच्यात अडकलेल्या वस्तू मी एका डब्यात ठेवायची. एक दिवस चारठाण्याकडचा एक शेतकरी आला. दारात उभा राहून टोपी काढली, परत घातली.

"म्याडम, आमच्या कापसात एक जोडवं आलंय का?"

"कुणाचं?"

"घरवालीचं. येचलेल्या ढिगात पडलं म्हणती. माझ्यावर इस्वास न्हाई तिचा. म्हणती, कुठं दिलंस?"

डबा उघडला. जोडवं होतं. त्यानं ते कपाळाला लावलं आणि म्हणाला, "ह्याच्यापायी आठ दिस चूल पेटली न्हाई घरात." गफूरभाई बाजूलाच होते. म्हणाले, "तुमची चूल पेटली न्हाई, पाटील, पण आमची फॅक्टरी पेटली असती." पुढच्या हंगामात त्या शेतकऱ्यानं कापसाच्या गाडीसोबत बायकोला आणलं. तिनं आधी बोटातलं जोडवं दाखवलं, मग म्हणाली, "आता कंबरंला वटी बांधते आन् जोडव्याला चिंधी गुंडाळून येचते."

आता यादीची गोष्ट सांगते. तीच सांगायची आहे, पण मी तिला उशीर लावते आहे, हे माझं मलाच कळतंय.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. शेतकरी विळे-कुऱ्हाडी धुतो, सुतार पटाशी पुजतो. आमच्याकडं जिनची पूजा व्हायची. हळद-कुंकू, झेंडूचे हार, आंब्याची डहाळी. हंगाम त्यानंतर सुरू व्हायचा, म्हणून मी एक शिरस्ता पाडला होता: यंत्र उघडून, धुऊन, ग्रीस भरून पूर्ण झाल्याशिवाय त्याला हार नाही. श्रावणापासून काम चालायचं. बाया एकमेकींना विचारायच्या, "तुझ्या जिनला हार लागला का गं?" म्हणजे दुरुस्ती झाली का. देवापुढं न्यायच्या वस्तूत खोट नको, असं सगळ्यांना वाटायचं, आणि माझं काम आपोआप व्हायचं. गफूरभाई मुसलमान, पण खंडेनवमीला सगळ्यात जास्त तेच राबायचे. पूजा मात्र लांबून बघायचे, हात मागं बांधून, लग्नातल्या मुलीच्या बापासारखे.

पूजेनंतर दसरा, आणि मग एखादा चांगला दिवस बघून मुहूर्ताला शाफ्ट फिरवायचा. त्याच्या आधी यादी. यादी माझी कल्पना, आणि मला तिचा फार अभिमान होता. एकेका ओळीत एकेक काम, आणि पुढं दोन रकाने: करणारा, बघणारा. ज्यानं काम केलं त्यानं सही करायची. दुसऱ्यानं जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी बघून, हात लावून मग सही करायची. करणारे गफूरभाई, बघणारी मी. यादीतली शेवटची ओळ त्यांनी सांगून घातली होती: 'शाफ्टवरचे हार काढले.' पूर्वी हार केळीच्या सोपटात ओवायचे, ते तुटून पडायचे. मग प्लास्टिकचा दोरा आला. तो तुटत नाही, शाफ्टबरोबर गुंडाळत बेअरिंगमध्ये शिरतो, आणि तिथं घासून तापतो. वर रुईचा भुगा असतोच.

आगीसाठी भिंतीवर लाल बादल्या टांगलेल्या, वाळूनं भरलेल्या. मी सांगते आहे त्या वर्षी श्रावणात फेरी मारताना बघितलं तर बादल्यांमधून हिरवे कोंब! आमचा वॉचमन लिंबाजी. त्यानं वाळूत माती मिसळून झेंडू लावला होता.

"लिंबाजी, हे काय?"

"खंडेनवमीला लागतेतच की फुलं, म्याडम. घरची हायती. इकत कशाला आणायची?"

माझ्या मनात आलं, उपटायला सांगावं. पण रोपं अशी टवटवीत होती. मी म्हटलं, "बरं, दसऱ्यापर्यंत राहू द्या. मग वाळू बदला." दसरा झाला, आणि ते ना त्याच्या लक्षात राहिलं ना माझ्या.

मुहूर्ताच्या दिवशी चेअरमनसाहेबांनी बाहेरगावचे पाहुणे बोलावले होते. सोबत फोटोग्राफर. मी सकाळपासून पाहुण्यांच्या चहा-फराळात. यादी माझ्या टेबलावर आली. शेवटच्या ओळीपर्यंत गफूरभाईंची सही. बाकीच्या ओळी मी आदल्या दिवशी हात लावून बघितल्या होत्या. राहिली होती एकच, हारांची. जिन-घर माझ्या खोलीपासून पन्नास पावलांवर. हातात किटली होती. गफूरभाईंची सही आहे, त्यात बघायचं काय, असं म्हणत मी किटली खाली ठेवली, पेन उघडलं आणि सही केली.

दुपारी जेवणं चालू असताना शाफ्ट फिरायला लागून दोन-तीन तास झाले होते. पहिल्या रांगेत गयाबाई उभी होती. दहा-बारा वर्षं त्याच जिनवर कापूस घालणारी, बोलायला फटकळ. तिनं शेजारणीला विचारलं, "तुला वास यायलाय का गं? कढी लागल्यावानी?" शेजारीण म्हणाली, "पाव्हण्यांचं जेवण चालू हाय." गयाबाई म्हणाली, "ही कढी न्हाई," आणि तिनं वाकून शाफ्टच्या टोकाकडं बघितलं. तिथं भुगा धुमसत होता.

"बंद करा! गफूरमामा, बंद करा!"

गफूरभाई स्विचपाशीच होते. त्यांनी शाफ्ट थांबवला. तोवर आग रुईच्या ढिगाकडं सरकली होती. रुई धडधडून पेटत नाही, ती आतल्या आत चालत जाते आणि भलतीकडंच तोंड काढते. गयाबाईनं ओलं पोतं घेऊन झोडपायला सुरुवात केली. लिंबाजी बादल्या घेऊन धावला. वाळू ओतायला गेला तर ती सुटेना. मुळांनी घट्ट धरलेली, खरवसाच्या वडीसारखी अख्खी बाहेर पडायची, वर झेंडू. मी स्वतः झाडं उपटून ते गोळे फोडले. त्यात गेलेला वेळ मी अजून मोजते. शेवटी पाण्याच्या नळीनं आग आटोक्यात आली. दोन जिन, रुईचा एक ढीग आणि छपराचा एक कोपरा गेला. गयाबाईचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यात नेताना ती मला म्हणाली, "बाई, रडू नका. ह्या हातानं मी तुमच्यापेक्षा चांगल्या भाकरी करून दाखवीन." तिनं पुढं दाखवल्याही. पण जिनवर ती परत उभी राहू शकली नाही. साहेबांनी तिला आमच्या जाळीवर बसवलं, विळे-दगड निवडायला.

थंड झाल्यावर गफूरभाईंनी बेअरिंग उघडलं. आत प्लास्टिकचा दोरा, वितळून काळा झालेला.

दोन दिवसांनी विमा कंपनीचा माणूस आला. सभ्य, कमी बोलणारा. माझ्या खोलीत साहेब, गफूरभाई आणि मी. त्यानं यादी समोर ठेवली.

"गफूरभाई, हार काढल्याची सही तुमची?"

"माझीच. मी सकाळी काढले. माझ्या हातानं."

"मग दोरा कुठून आला?"

"ते मला मालूम न्हाई, साहेब. मी स्विचपाशी होतो. मी काढले होते."

त्यानं यादी माझ्याकडं फिरवली. "बाई, बघणाऱ्याची सही तुमची. हार काढलेले तुम्ही स्वतः पाहिले?"

पोरांनो, त्या खोलीत तेव्हा एकच गोष्ट टांगलेली होती, आणि ती म्हणजे गफूरभाईंची नोकरी. नोकरीपेक्षाही त्यांचा शब्द. मी 'हो' म्हटलं असतं तर त्यांचा शब्द खरा ठरला असता, हार नंतर कुणी तरी घातला असणार हे सिद्ध झालं असतं, आणि माझीही सुटका झाली असती. त्यांनी हार काढले होते याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती. फक्त मी ते पाहिलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "पण गफूरभाई खोटं बोलणार नाहीत."

"ते तुमचं मत झालं," तो म्हणाला. "तुम्ही पाहिलंत का, एवढंच मी विचारतो."

गफूरभाई माझ्याकडं बघत होते. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. कोरड्या यंत्राचा आवाज ऐकताना ते जसे बघायचे, तसे बघत होते.

संध्याकाळी साहेबांनी त्यांना कामावरून कमी केलं. मला एक समज-पत्र मिळालं, इंग्रजीत. ते टाइप करायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मीच केलं. मला कामावरून काढणं त्यांना परवडत नव्हतं, पुस्तकं कोण वाचणार? गफूरभाईंनी चष्मा पुसला, डबीत घातला आणि माझ्या टेबलावर ठेवला. "ऐवज हाय कारखान्याचा," म्हणाले, आणि संध्याकाळची गाडी पकडायला गेले.

दिवाळीनंतर फोटोग्राफर मुहूर्ताचा अल्बम घेऊन आला. साहेबांनी मला बोलावलं. नारळ फोडतानाचा फोटो: मागं शाफ्टचं टोक स्वच्छ, मोकळं. पुढचा फोटो: पाहुणे हसताहेत, आणि चेअरमनसाहेब दोन्ही हात वर करून त्याच टोकावर झेंडूचा मोठा हार चढवताहेत. फोटोत शोभा यावी म्हणून. किती प्रेमानं चढवत होते! त्यानंतरचा फोटो शाफ्ट सुरू करतानाचा, धूसर.

साहेबांनी फोटो खाली ठेवला. "माझ्या ध्यानातच राहिलं नाही, बाई," ते म्हणाले. "देवाला घालतात तसा घातला." वाईट माणूस नव्हता. त्याच दिवशी त्यांनी पूर्णेला जीप पाठवली. जीप रिकामी परत आली. विमा कंपनीला त्यांनी पत्र लिहिलं, फोटो जोडून, स्वतःची चूक कबूल करून. गफूरभाई आले नाहीत ते नाहीतच.

मग रविवारी मी गेले. परभणीहून पूर्णा अर्ध्या तासाची गाडी. गफूरभाई घरापुढं लिंबाखाली शिवणयंत्र दुरुस्त करत बसले होते. मला बघून उठले, आत हाक मारून चहा सांगितला. मी फोटो पुढं ठेवला. त्यांनी हात पुसला, फोटो लांब धरून बघितला. चष्मा नव्हता. मी पिशवीतून काढून दिला.

"साहेबांनी चूक कबूल केलीय. चला, गफूरभाई."

"लय मेहरबानी साहेबांची. चाय घ्या."

"माझ्यावर राग आहे तुमचा. मी नाही म्हटलं म्हणून."

"न्हाई, बाई. तुमी सच बोलला. तुमी झूट बोलला असता तर मी वाचलो असतो, पण मग तुमच्या कागदावर कुणी भरोसा ठेवला असता?" त्यांनी शिवणयंत्राचं चाक एकदा फिरवलं, कान लावला. "दुख दुसऱ्या गोष्टीचं हाय."

"कशाचं?"

"दोन रकाने तुमीच केले होते ना? दोन डोळे माझे, दोन तुमचे. इतके साल तसंच चाललं. त्या दिशी तुमी म्हणला असाल, गफूरची सही हाय, बघायचं काय. लोकं ह्याला इज्जत म्हणतेत." त्यांनी हातानं चाक थांबवलं. "मुझे उस दिन मालूम नहीं था, बाई. मी समजलो, आपण दोघं हावोत. मी एकटाच होतो."

चहा आला. आम्ही तो प्यायलो. त्यांच्या घरच्यांनी माझ्या ओटीत एक पेरू घातला. निघताना ते फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "नऊ नंबरकडं ध्यान द्या. पन्हाळ बघा."

मी परत येईन असं म्हणाले होते. गेले नाही. दरवर्षी खंडेनवमीला मनात यायचं, यंदा जाऊ. नांदेडला जाताना गाडी पूर्णेला थांबायची, बराच वेळ थांबायची. मी खिडकीतून त्या बाजूला बघायची. उतरले नाही. काय बोलायचं, ते ठरत नव्हतं. मग एक दिवस लिंबाजीनं सांगितलं, गफूरमामा गेले. त्याला कुणीतरी बाजारात सांगितलं होतं, आणि तेही महिन्यानं.

त्यांच्यानंतर चार फिटर आले. शिकलेले, चांगले. तापमान मोजायची बंदूक आली, नुसती रोखली की आकडा दिसतो. मी मात्र निवृत्त होईपर्यंत प्रत्येक ओळीला जाऊन हात लावला. उलटा हात. गयाबाई हसायची, "बाई, तुमाला गफूरमामा झालाय." कारखाना पुढं बंद पडला. जिन भंगारात निघाले त्या दिवशी मला बोलावलं होतं. मी प्रत्येकाचं कार्ड सोडवून घेतलं. नऊ नंबरचं माझ्या कपाटात आहे. आता कधी दुपारी वीज गेली, पंखा थांबला आणि घर एकदम गप्प झालं, की मला त्या जिन-घराची घरघर हवीशी वाटते. तिच्यात डोळे मिटून कान लावलेला एक माणूस हवासा वाटतो. ऐकून तो सांगेल, या आठवड्यात बदला, किंवा, अजून एक हंगाम निघेल.

तर अन्वी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी माझं कार्ड केलं आहे. फ्रिजच्या बाजूला चिकटवलंय. कधी आली, काय खोड, कुठं दुखतं, सगळं. खाली दोन रकाने आहेत. तुमचा बाबा दर रविवारी फोनवर विचारतो, "आई, सगळं ठीक?" मी म्हणते, "ठीक." तो म्हणतो, "बरं." तो खोटं बोलत नाही आणि मीही बोलत नाही. माझा शब्द तो मानतो, ही त्याची माया आहे, हे मला कळतं. पूर्णा अर्ध्या तासावर असून मी उतरले नाही, तेव्हा तुमच्या लांबच्या प्रवासावर मी काय बोलणार?

पहिल्या रकान्यात रोज सकाळी माझी सही असते. दुसरा कोरा आहे. पेन कार्डापाशीच टांगलंय, सुतळीला बांधून. तुमचा हात तिथवर पोचेल, एवढं खाली.